शामा पक्ष्याची मोहीम

अध्यक्षांचे आज्ञेवरून, पक्षिमंडळाचे दफ्तरी कायम राहावी म्हणोन, शामा पक्ष्याचे मोहिमेची हकीकत मी चिटणीस जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे घातले असेल ते थोडकेच.

मंडळाची गादी रिकामी पडली, तेव्हा ठराव जाहला की, जो सभासद शामाचा फोटो प्रथम आणील तोच अध्यक्ष. दावेदार दोन. एक राजमान्य निवृत्त पोस्टमास्तर, दुसरे त्यांचे मेहुणे, दातांचे डॉक्टर. मेहुण्याचे हाताखाली राहणे म्हणजे तोंड लपवावयाची पाळी, ऐसे पोस्टमास्तरांचे मनाने घेतले. आपले बाजूस एक मत वाढावे म्हणोन कुटुंबासही सभासद करविले. मग हातभर लेन्सची तोफ खांद्यावर टाकोन पहाटे कूच केले, आणि रसदेचा डबा सांभाळावयास कुटुंबास संगे घेतले.

रानात शिरताच फर्मान सुटले की, आम्ही परतेतो कोणी चकार शब्द काढू नये. कुटुंब ओंडक्यावर बसोन विणू लागले. पोस्टमास्तरांनी झुडपाआड मोर्चा बांधिला आणि पक्ष्यास भुलवावे म्हणोन मोबाइलवर शामाची शीळ लाविली. तो काय, पलीकडून तैसीच शीळ उठली! मग पोस्टमास्तर सरकले, शीळही सरकली. मग चिखलात पालथे पडोन रांगले, आणि डासांनी कानशिले लुटली, आणि जळवा मोज्यांत उतरल्या, तरी हिंमत सोडिली नाही. दोन तास झुंज जाहली. शेवटी बांबू बाजूस सारोन पाहतात तो समोर मेहुणे, तेही पालथे, आणि त्यांचेही हाती मोबाइल शीळ घालीत असे. उभयतां मातबर एकमेकांचे मोबाइलास वेढा देत होते! मोठी फजिती जाहली.

मग दोन्ही फौजा मान खाली घालोन ओंडक्यापाशी आल्या. तेथे कुटुंबाचे बुटापाशी खासा शामा, काळी पाठ, तांबूस पोट, वीतभर शेपूट, पाचोळ्यातले किडे टिपीत होता. पोस्टमास्तरांनी तोफ रोखली. परंतु ती लांबचे पल्ल्याची, जवळचे सारे धूसर. मागे सरावे तो मेहुण्यांचे पायावर पाय पडला, ते कळवळले, आणि पक्षी उडाला. पोस्टमास्तरांस रडूच यावयाचे बाकी राहिले.

"अहो, तो मघापासून इथंच होता," कुटुंब बोलले. "हाक मारणार होते, पण तुम्हीच म्हणालात ना, तोंड उघडायचं नाही! मग बसल्या बसल्या मोबाइलवर फोटो काढले. चाळीसेक असतील."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. रविवारी सभेत फोटो मंजूर होऊन कुटुंब गादीवर बसले. पहिला हुकूम ऐसा की, पुढील स्वारीत पोस्टमास्तर आणि डॉक्टर यांनी ओंडक्यावर बसोन डबा सांभाळावा, आणि चकार शब्द काढू नये. पोस्टमास्तरांनी हरकत घ्यावयास तोंड उघडिले, अध्यक्षांकडे पाहिले, आणि मिटिले.