मोठ्या अक्षरांचा चोर

"या पृथ्वीच्या पाठीवर हरवलेली वस्तू शोधून देणारे दोनच जण आहेत," महर्षी म्हणाले. "एक म्हणजे ज्याची त्याची आई, आणि दुसरा मी. त्यातही आईला घरातलं सगळं माहीत असतं. मी काहीही माहीत नसताना शोधतो."

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं, हे बारकीला मान्य करावंच लागलं.

महर्षी म्हणजे ऑफिसातले संगणक सांभाळणारे गृहस्थ. कोणे एके काळी तेही प्रोग्राम लिहीत. मग एकदा मोठ्या मॅडमचा हरवलेला पेनड्राइव्ह त्यांनी मॅडमच्याच पर्समधून काढून दिला, आणि त्याच दिवशी त्यांच्यातला प्रोग्रामर वारला. उरला तो निव्वळ गुप्तहेर. 'शोधमहर्षी' ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली. ऑफिसने त्यातला 'शोध' काढून टाकला, कारण तो लागल्याचं पुढे कुणी पाहिलं नव्हतं.

बारकी ही तिथली प्रोग्रामर. बारकी ती उंचीने. बाकी तिशी ओलांडलेली आणि तोंडाने चांगली फटकळ. टेबल महर्षींच्या शेजारी, म्हणून त्यांच्या सहायकाचं पद तिला न मागता चिकटलं होतं. आज मात्र फिर्याद तिचीच होती, आणि रडायचं तेवढं बाकी होतं.

झालं होतं असं. दातांच्या एका मोठ्या दवाखान्यासाठी तिने रुग्णांच्या वेळा लावणारा प्रोग्राम केला होता. आज दुपारी दवाखान्याचे लोक तो बघायला येणार होते. प्रोग्राम सर्व्हरवर सुखरूप होता, पण कुठले डॉक्टर कधी बसतात, दाढ काढायला किती वेळ आणि नुसती हलवून बघायला किती, या सगळ्या सेटिंग्जची फाइल तिच्याच संगणकावर होती. त्यात दवाखान्याचे पासवर्ड, म्हणून ती सर्व्हरवर चढवायची नाही असा ऑफिसचा दंडक. ती फाइल नसली की प्रोग्राम गावातल्या सगळ्या रुग्णांना एकाच खुर्चीत, मध्यरात्री, एकदम बोलवायचा.

आज सकाळी ती फाइल नव्हती. नुसती फाइलच काय, कोड लिहायचा प्रोग्राम उघडला तर तो कोरा करकरीत, जसा काही आत्ताच जन्माला आलाय! तिने लावलेले रंग गेले, कीबोर्डवरच्या सवयीच्या कळा गेल्या. पडदा पिवळाधमक, आणि अक्षरं ही एवढाली.

"उद्या सकाळी माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे हो, सर," बारकी म्हणाली. "संध्याकाळची गाडी पकडायचीय मला. मॅडम म्हणाल्यात, हे दाखवून झालं तरच रजा."

"रडू नकोस, बारके. तू योग्य माणसाकडे आली आहेस."

"मी कुठे आले? तुम्हीच खुर्ची ओढून बसलात."

महर्षींनी पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. चष्मा आज घरी राहिला होता, पण आश्चर्य म्हणजे त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

"वा! काय सुरेख दिसतंय! गुन्हेगार मोठा रसिक दिसतो. लिहून घे. एक: त्याचं वय पन्नाशीच्या पुढे. दोन: त्याची नजर अधू आहे, पण तो ते कबूल करत नाही. तीन: त्याने कित्येक वर्षांत कोडची एक ओळ लिहिलेली नाही, नाहीतर हा प्रोग्राम इतका कोरा राहिला नसता. चार: तो गबाळा आहे. आणि पाच: स्वतःला फार शहाणा समजतो."

"हे शेवटचं कशावरून?"

"अनुभवावरून."

बारकीने तोंडावर हात धरला. एरवी ती हसली असती, पण आज डोकं आईपाशी होतं.

पहिला संशय डिझाइनवाल्यावर गेला, पिवळ्या रंगामुळे. त्याला बोलावून महर्षींनी अर्धा तास फैलावर घेतलं. तो म्हणाला, "सर, असला पिवळा मी लावला तर माझी आई मला घरात घेणार नाही." शिवाय त्याचं वय चोवीस होतं. महर्षींनी त्याला ताकीद देऊन सोडलं. कशाबद्दल ताकीद, ते दोघांनाही कळलं नाही.

दुसरा संशय नेटवर्क बघणाऱ्यावर. तो पन्नाशीचा होता, म्हणून महर्षींना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पण तो गेला आठवडाभर रजेवर होता. "यापेक्षा संशयास्पद दुसरं काय असणार?" महर्षी म्हणाले.

"सर, एक सांगू का?" बारकी चाचरत म्हणाली. "सकाळी मी आले तेव्हा संगणकाने पासवर्डच विचारला नाही. माउस हलवला, तर पडदा थेट उघडला."

"त्यात काय विशेष? सगळ्या संगणकांची आपोआप लागणारी कुलपं मीच बंद केलीत. ऑफिसातले माउस मंद चालतात, त्या मंद माउस प्रकरणाचा तपास चालू आहे ना! मध्येच कुलूप लागलं की पुरावा अडकतो." मग ते एकदम उभे राहिले. "थांब! कुलूप फुटलं नाही, दार मोडलं नाही. म्हणजे चोर आतलाच!"

तेवढ्यात बारकीचा फोन वाजला. आई होती.

"जेवलीस का गं?"

"जेवते. तू थेंब घातलेस का डोळ्यात?"

"घातले. अगं, मी काय म्हणते, जमत नसेल तर नको हो येऊस. शेजारच्या काकू म्हणाल्यात येते म्हणून. मी काही घाबरत-बिबरत नाही."

आई 'घाबरत नाही' असं न विचारता सांगायला लागली म्हणजे तिची पार गाळण उडालेली आहे, हे बारकीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला भडभडून आलं. "मी येतेय," ती म्हणाली. "तू माझ्यासाठी दार उघडं ठेव फक्त." फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि स्वतःच शोधायला बसली.

प्रत्येक माणसाचं संगणकात त्याच्या नावाचं एक कपाट असतं. फाइल असली तर तिथेच असणार. तिने आपल्या नावाचं कपाट शोधून काढलं आणि उघडायला गेली. पडद्यावर पाटी आली: 'तुम्हाला हे पाहण्याची परवानगी नाही.'

"आता गं बाई! माझं कपाट, आणि मलाच परवानगी नाही?"

महर्षींचे डोळे लकाकले. ते दोन पावलं मागे सरले, पुन्हा पुढे आले, आणि त्यांनी बारकीकडे रोखून पाहिलं.

"बारके, खरं सांग. तू तूच आहेस, हे कशावरून?"

"म्हणजे?"

"संगणक खोटं बोलत नाही. तो म्हणतो, ही ती नव्हे. मग तू कोण? आपल्या बारकीचं काय केलंस?"

"सर, मी आता तुम्हाला स्टेपलर फेकून मारीन."

"हं. ही तीच आहे," महर्षी निराश होऊन म्हणाले.

मोठ्या मॅडम दारातून डोकावल्या. "दवाखान्याची माणसं निघालीत. झालं का? बघ हं, आज नाही दाखवलं तर त्यांना उद्याची वेळ द्यावी लागेल, आणि उद्या तू इथे हवीस. माझाही नाइलाज आहे गं."

बारकी पुन्हा पडद्याकडे वळली. दोन आठवडे खपून केलेली फाइल तासाभरात पुन्हा कशी लिहायची? तरी तिने लिहायला घेतली. तिकडे महर्षी कीबोर्ड उलटा करून झटकत होते. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला. "पुरावा!" ते ओरडले. चुरा त्यांच्याच बिस्किटाचा होता, पण ते त्यांना कोण सांगणार?

अशा रणधुमाळीत महर्षींच्या पत्नी आल्या. ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणत. एका हातात महर्षींचा डबा, दुसऱ्या हातात चष्मा.

"अहो, चष्मा टेलिव्हिजनवर ठेवून आलात. काल चार्जर, आज चष्मा. उद्या स्वतःलाच घरी विसराल."

"हळू बोल. इथे एका अट्टल गुन्हेगाराचा माग चाललाय."

वहिनींनी डबा टेकवला आणि बारकीच्या पडद्याकडे पाहिलं. "हे काय, हा घरचा संगणक इथे कधी आणलात?"

"घरचा कुठला? हा हिचा आहे."

"मग हा ओंगळ पिवळा रंग इथे कसा? आणि ही भोपळ्याएवढी अक्षरं? घरी तरी दुसरं काय असतं! मला तर दरवेळी वाटतं, कुणीतरी ओरडतंय." वहिनी वाकल्या. "आणि हे काय? कोपऱ्यात खूणही यांचीच आहे की."

बारकीने कोपऱ्यातल्या टिचभर खुणेवर माउसचा बाण नेला. नाव उमटलं. ते महर्षींचं होतं.

वहिनींनी चष्मा महर्षींच्या हातात ठेवला.

"सर," बारकी एकेक शब्द चावून म्हणाली, "काल मी घरी गेल्यावर माझ्या संगणकावर कोण बसलं होतं?"

"मी... म्हणजे मंद माउसची फेरतपासणी..." महर्षींनी चष्मा लावला, पडद्यावरचं नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव तेच राहिलं.

"मला बाहेर काढून स्वतःच्या नावाने आत शिरलात. आणि तसेच घरी गेलात!"

बारकीने महर्षींना लॉग-आउट करून संगणकातून बाहेर काढलं आणि आपलं नाव घालून आत गेली. पडदा निळा झाला. अक्षरं माणसात आली. रंग, कळा, दवाखान्याची फाइल, सगळं जिथल्या तिथे होतं. तिने वहिनींना घट्ट मिठी मारली.

"तरी मी म्हणतच होतो," महर्षी पुटपुटले. "पन्नाशीच्या पुढचा, नजर अधू, गबाळा. एकही अंदाज चुकला नाही माझा."

"आणि पाचवा?" बारकीने विचारलं.

महर्षींनी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. "जेवून घे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस." आणि मग हळूच, "चुकलंच गं माझं."

मोठा पडदा महर्षींच्या संगणकाला जोडलेला होता, म्हणून प्रोग्राम तिथूनच दाखवायचं ठरलं. बारकीने फाइल तिकडे नेली, आपल्या नावाने आत गेली आणि सगळं दाखवलं. दाढा योग्य वेळी, योग्य खुर्चीत निघाल्या. माणसं खूश झाली, मॅडमनी मान डोलावली, आणि बारकी बॅग उचलून जी पळाली ती थेट गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोळ्यांच्या दवाखान्यात आईच्या उशाशी होती. ऑपरेशन नीट झालं होतं. डोळ्यावर पट्टी घेऊन आई कालची सगळी हकीकत ऐकत होती आणि हसताना पोट धरत होती. बारकीने तिचा हात हातात घेतला होता आणि तो सोडायचा तिचा विचार नव्हता.

फोन वाजला. महर्षी होते. आवाज आईलाही ऐकू जाईल एवढा मोठा.

"बारके, घात झाला! आता माझ्या संगणकावर दरोडा! पडदा निळा, अक्षरं मुंगीएवढी, माझं कपाट उघडत नाही. परवानगी नाही म्हणतो! सकाळपासून तपास करतोय. डिझाइनवाल्याला दोनदा फैलावर घेतलं. पासवर्डही विचारला नाही बघ. म्हणजे चोर आतलाच!"

बारकीने कपाळावर हात मारून घेतला. काल गाडीच्या घाईत तिने संगणक तसाच सोडला होता. ती तोंड उघडणार, इतक्यात आईने चाचपडत फोन ओढून घेतला.

"अहो सर, मी हिची आई. आधी हिला बाहेर काढा नि मग आपल्या नावानं आत जा. हिच्या कपाटात तुमचे शर्ट सापडतील होय?"

पलीकडे बराच वेळ नुसता कळांचा आवाज आला. मग एक सुस्कारा.

"आई," महर्षी अतिशय आदराने म्हणाले, "तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर मिळेल का?"