पाळण्यातले कांदे

दफेदारकाकांच्या खाणावळीत मी पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा त्यांनी ताटात भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि चारचौघांत विचारलं, "लघवीला जळजळ?"

मी घाबरून नाही म्हणालो. खरं तर त्याच क्षणी व्हायला लागली.

"शाब्बास. झाली तर लपवायची न्हाई. वरण घे."

मी कोकणातला. चौथीत शाळा सुटली आणि पोटामागे फिरत फिरत निजामाच्या राज्यात जालन्याला येऊन पडलो. कापसाच्या जिनात गाठींवर शिक्के मारायचं काम मिळालं. पहिल्याच पावसाळ्यात तापाने आडवा झालो, तर काकांनी मला उचलून आपल्या ओसरीवर टाकलं आणि काकींनी पेज पाजली. म्हणून त्यांच्याविषयी काही वेडंवाकडं लिहिताना हात जरा अडखळतो. पण माणूस होताच तसा, त्याला मी काय करणार?

काका घोडदळाच्या रिसाल्यातून पेन्शनीत निघालेले. मिशा अजून नोकरीवर होत्या. खाणावळीत जेवणारे आम्ही सगळे घरापासून लांब आलेले बाप्ये, आणि बाहेर बाईकडे जाऊन जडणारे गरमी-परम्याचे रोग अशाच बाप्यांना गाठतात, हे काकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून रोज पंगतीत व्याख्यान. कोणी म्हणालं, "काका, जेवताना कशाला?" तर म्हणायचे, "चावडीवर सांगितलं की समदे उठून जात्यात. ताटावरून कोण उठतंय?"

"गरमी वांग्यानं होत न्हाई," वांगी वाढता वाढता ते सांगायचे. "तापल्या दगडावर बसून होत न्हाई, दुसऱ्याचा लोटा घेतल्यानं होत न्हाई. कशानं होते ते तुमाला बराबर ठाव हाय. जायचंच असंल तर दवाफरोशाकडं रबरी पिशवी मिळते, ती घ्या. लाज वाटत असंल तर जाऊ नका."

मी ऐकून ऐकून रोज एक नवा रोग अंगावर शोधायचो. शेवटी एकदा काकांनाच दाखवलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "ही घामोळी हाय. तुला काय व्हतंय? त्याला आधी घराबाहेर पडावं लागतं."

त्यांचा एक ठरलेला दाखला होता. "आमच्या रिसाल्यात एक सवार व्हता. त्याला गरमी झाली. डाक्टरनं दवा सुरू केली. जखम सुकली. त्याला वाटलं, पाहुणा गेला. पाहुणा गेला नव्हता, आतल्या खोलीत जाऊन बसला व्हता. यानं दवा सोडली आन् गावाकडं बायकोला आणाया गेला."

"मंग?" कोणीतरी विचारायचं.

"मंग काय. वरण घ्या."

पुढची गोष्ट आम्ही कधी ऐकली नाही.

दुसरी एक खोड सांगतो. माजघराच्या दाराशी आढ्याला एक सागवानी पाळणा टांगलेला होता, वर रंगवलेले राघू. त्यात काका कांदे ठेवायचे. कांद्यांना वारा लागतो म्हणे. एकदा एका हमालाने गंमत म्हणून त्याला झोका दिला. काकांनी त्याचं ताट उचललं आणि मोरीपाशी नेऊन ठेवलं. "तिथं जेव."

मंगळवारी सरकारी दवाखान्यात गरमीच्या सुया टोचायचे. तिथला चपराशी नाव पुकारताना बापाचंही नाव घ्यायचा: अमका वल्द तमका. सगळ्या ओसरीला ऐकू जायचं. स्वतःची अब्रू गेली तर गेली, पण बापाची चव्हाट्यावर कशाला आणायची म्हणून पोरं दुसऱ्या-तिसऱ्या सुईलाच गायब व्हायची. काकांनी तोड काढली. ज्याला लाज वाटते त्याने बाप म्हणून त्यांचं नाव सांगायचं. मग मंगळवारी चपराशी ओरडायचा, "महादू वल्द यशवंतराव! करीम वल्द यशवंतराव!" आणि काका बाकावर मिशांना पीळ भरत बसलेले. चपराशी म्हणाला, "दफेदारसाब, कितने बच्चे हैं आपके?" काका म्हणाले, "गिनती मत करो, नजर लगती है."

माझ्या खोलीत गणपत राहायचा. मंठ्याकडचा धनगर, जिनात बैलगाड्या रिकाम्या करायचा. लग्न झालेलं, पण बायको अजून माहेरीच. त्याला गरमी झाली, काकांनी त्याला वल्द यशवंतराव केलं, सुया सुरू झाल्या. पण थोड्याच दिवसांत जखम सुकली आणि त्याच आठवड्यात सासऱ्याचा निरोप आला की रुक्मिणीला घेऊन येतो.

"आता कशाला सुई?" गणपत म्हणाला. "बिलकुल साफ झालंय. तुमी बघा पायजे तर."

"म्या बघून काय करू? रक्तात हाय ते," काका म्हणाले. "समद्या सुया घ्यायच्या, मंग रक्त तपासाया हैद्राबादला जाईल. तिकडून साफ म्हणून आलं, तर संसार. तवर तिच्या जवळ जायचं न्हाई. तिला लागंल, आन् तिच्या पोटातल्याला बी."

"आन् तिला काय सांगू? सासऱ्याला काय सांगू?"

देवाधर्मावर काकांचा विश्वास शून्य. गरमीला नवस बोलणाऱ्यांना ते पंगतीत सोलून काढायचे. त्याच काकांनी दोन दिवसांनी पोरीच्या बापापुढे हात जोडले आणि डोळा न लववता सांगितलं, "पाव्हणं, जावयानं पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोललाय. देवीचा कौल येईस्तोवर नवराबायकोनं अलग निजायचं. पोर तवर आमच्या मंडळीपाशी राहील. दर मंगळवारी जावई देवीच्या नावानं बाहेर जाईल, त्याला कुठं जातोस म्हणून इचारायचं न्हाई."

म्हातारा गहिवरला. असा भाविक जावई मिळाला म्हणून दोनदा डोळे पुसले.

रुक्मिणी काकींच्या हाताखाली भाकऱ्या थापू लागली. गणपतचं मन मात्र ढळायला लागलं. एका मंगळवारी तो अंथरुणातून उठेना. "अंग दुखून राह्यलंय. एक सुई चुकली तर काय व्हतंय?" हे रुक्मिणीला कसं कळलं कोण जाणे. ती थेट आमच्या खोलीच्या दारात आली, पिठाच्या हातांनी.

"उठता का न्हाई?" ती म्हणाली. "नवस मोडला तर देवी मंग बघंल. आधी म्या बघंन."

गणपत उठला, आणि पुढे एकही मंगळवार चुकला नाही. रक्त हैद्राबादला गेलं, साफ म्हणून परत आलं. काका आठवडाभर ऐटीत होते. "बघा, नवसाची कशी शक्कल काढली."

पुढच्या वर्षी रुक्मिणीला मुलगी झाली. खणखणीत रडायची. बारशाच्या सकाळी काकींनी मला पाळण्यातले कांदे काढायला बोलावलं. मी बिचकलो. म्हटलं, "काकांना विचारलंत?"

"काढ रे तू." त्या खाली बसून कांदे टोपलीत भरू लागल्या. "नवसबिवस काई नव्हता, हे रुक्मिणीला म्या पैल्याच दिशी सांगितल्तं. पोरीच्या जातीला फसवून कसं चालंल? यांना म्हणू नको. यांना वाटतं, देवीच्या नावानंच जमलं."

जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्या सवाराचं पुढं काय झालं, तुला ठाव हाय का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तीन लेकरं झाली त्याच्या बायकोला. एक बी रडलं न्हाई. हा पाळणा तवाचा."

माझ्या हातातला कांदा हातातच राहिला. तेवढ्यात काका आले. रिकाम्या पाळण्याकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, आता आपलं ताट मोरीपाशी. पण त्यांनी आत हात घालून सालपटं झाडली आणि म्हणाले, "खाली जुनं लुगडं घाला. कांद्याचा वास लवकर जात न्हाई." मग एका बोटाने पाळणा ढकलला. कड्या करकरल्या. "गंजलाय," म्हणाले आणि तेल आणायला गेले. तेल घरातच होतं. ते बाजारात गेले आणि बऱ्याच वेळाने परतले.

त्या दिवशी पंगतीत एक नवा गडी होता. काकांनी त्याला जळजळ विचारली, वांगी वाढली, सवाराची गोष्ट सांगितली. आत पाळणा हलत होता.

"मंग?" नवा गडी म्हणाला. "मंग काय झालं त्याचं?"

काकांनी माजघराकडे पाहिलं.

मी उठलो, त्यांच्या हातातली पळी घेतली आणि त्या गड्याला म्हणालो, "वरण घ्या."