पहिल्या तोंडाचा मालक

बिसेन गुरुजींच्या गल्लीतला गटाराचा जुना पाइप नवा झाला, आणि रस्त्यावर कुदळीचा एक घावसुद्धा पडला नाही. जुन्या पाइपात राळेत भिजवलेली लांब पिशवी सरकवायची, वाफेनं टणक करायची, की आतल्या आत नवा पाइप तयार. घराघरांतून येणाऱ्या नळांची तोंडं मात्र पिशवीमागे बुजतात. ती नंतर यंत्र आतूनच कापून मोकळी करतं. कोणती कापायची, हे मालकांनी आधी सांगायचं असतं.

गुरुजी नेमके तिथेच घसरले. केवलराम बिसेन म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि गल्लीच्या स्वच्छता समितीचे अध्यक्ष. गटारात काय टाकू नये, यावर त्यांनी गोंदियाच्या त्या गल्लीला वर्षभर पिडलं होतं. पिशवी टाकायच्या आधी, पाहणीच्या दिवशी, काम घेतलेल्या कंपनीच्या भूपेंद्रनं पाइपात कॅमेरा सोडला आणि स्टुलावर टीव्ही मांडला. झाडून सारी गल्ली जमली. पहिल्याच तोंडाशी चिंध्या दिसल्या, भाताचा लगदा दिसला आणि त्यात रुतलेली लाल मुठीची चहागाळणी. ही गाळणी गुरुजींच्या पत्नी सुमित्राबाई महिनाभर शोधत होत्या.

"ये पहला किसका है?" भूपेंद्रनं विचारलं.

"कोणाचंच नाही जी. जुनं असन, बंद पडलेलं," गुरुजी बोलून गेले.

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजी काम आठवल्यासारखं करून घरी निघाले. भूपेंद्रनं वहीत फुली मारली, म्हणजे हे कापायचं नाही.

तिसऱ्या दिवशी नवा पाइप बसला. चौथ्या दिवशी गुरुजींच्या मुलीचं, अंजूचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. देवरीहून अकरा पाहुणे सकाळच्या बसनं येणार होते. आठ वाजता संडासाकडून सुमित्राबाईंची हाक आली.

"अजी, इकडे या. पाणी खाली जाऊनच नाही रायलं. वर येऊन रायलं."

गुरुजींनी आत डोकावलं. एवढे पाहुणे, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि घरात हे. तसेच ते चौकात उभ्या असलेल्या भूपेंद्रच्या गाडीकडे धावले. तिथे बघतात तर रांग. धनवंताबाई, दुधराम, हिरालाल, गल्लीतले सगळे शेजारी एकमेकांची नजर चुकवत उभे.

"तुमी काऊन आले?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी आले त्याच्यासाठीच," हिरालाल म्हणाला. "अध्यक्षच नाही म्हणाले, मंग आमी कायले हो म्हणतो? आमच्याही तोंडाशी का कमी घाण होती?"

भूपेंद्रनं वही पुढे केली. घरं चौदा, फुल्या चौदा. गल्लीचा नवाकोरा पाइप चारी बाजूंनी बंद होता आणि त्यात कोणाच्याच घरचं थेंबभर पाणी जात नव्हतं.

"मशीन बारा बजे दूसरे शहर जाएगी," तो म्हणाला. "जो टीवी पे अपना दिखाएगा, उसका पहले खुलेगा."

पुन्हा टीव्ही लागला, त्यावर पाहणीच्या दिवशीचंच चित्रण. पुन्हा तीच गाळणी. सगळ्यांच्या माना खाली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, अंजूचा चेहरा आठवला आणि वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात ते म्हणाले, "पहिलं माझं आहे. चिंध्या माझ्या, भात माझा. गाळणीही आमच्याच घरची."

गुरुजींनी मागे वळून पाहिलं. ऑटोतून उतरलेले व्याही हातात पिशवी घेऊन उभे होते. सगळं ऐकल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं गुरुजींना वाटलं, पण ती तर कोणी खणलीच नव्हती.

व्याही झपझप जवळ आले आणि त्यांच्या कानाशी लागले.

"गुरुजी, साक्षगंधाचं मंग बोलू. तुमचं ते पहिलं उघडाले किती वेळ लागते? देवरीपासून बस कुठी थांबलीच नाही."