वस्तू क्रमांक सतरा

कामिझावा गावच्या तिसऱ्या आळीत एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास किनाको नावाच्या मांजरीचा मालक अधिकृतरीत्या नाहीसा झाला. मालक त्या वेळी स्वयंपाकघरात उभा राहून मुळा किसत होता. आपण नाहीसे झालो आहोत याची त्याला काहीच कल्पना नव्हती.

झालं होतं ते असं. त्या आठवड्यात आळीच्या 'बेवारस मांजर समिती'ची मोहीम होती. भटकी मांजरं पिंजऱ्यात धरायची, डॉक्टरांकडून त्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं, पुन्हा तीच मांजर धरली जाऊ नये म्हणून खूण म्हणून कानाचं टोक कापायचं आणि त्यांना आळीत परत सोडून द्यायचं. पिंजऱ्यात तळलेला बांगडा ठेवलेला होता. किनाको आठ वर्षं घरात नांदणारी, खाऊनपिऊन सुखी आणि ऑपरेशन झालेली. पण फुकटचा बांगडा दिसल्यावर मागे फिरेल ती मांजर कसली! गळ्यातला पट्टा तिनं आदल्याच दिवशी कुंपणात अडकवून काढून टाकला होता. डॉक्टरांनी पाहिलं तर ऑपरेशन आधीच झालेलं. मग आणलंच आहे तर निदान कान तरी कापू, असा विचार झाला. दुपारी ती डाव्या कानाचं टोक गमावून घरी आली आणि जेवणाला उशीर झाल्याबद्दल ओरडू लागली.

मालकाचं नाव मोरिकुबो तात्सुझो, वय त्र्याहत्तर. नगर कार्यालयाच्या मालमत्ता विभागात टेबलं, खुर्च्या आणि कपाटांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. किनाकोला घरात तिनंच आणलं होतं. आता त्या घरात बोलायला तेवढीच उरली होती आणि मोरिकुबोंचं तिच्यावर फार प्रेम होतं. हे ते कुणापाशी कबूल करत नसत, किनाकोपाशीही नाही.

ते तडक समितीच्या अध्यक्षा उरागामी सेत्सुको यांच्याकडे गेले. उरागामीबाई दारातच कमरेत वाकल्या. दाराला बेल नसल्याबद्दल, चहा कोमट असल्याबद्दल आणि हवा ढगाळ असल्याबद्दल त्यांनी मोरिकुबोंची मनापासून क्षमा मागितली.

"माझ्या मांजरीचा कान कापलात तुम्ही," मोरिकुबो म्हणाले.

"तुमच्या नाही हो, मोरिकुबोसान," उरागामीबाई हळहळून म्हणाल्या. "कान कापलाय, म्हणजे ती बेवारस आहे."

"अहो, मी तिचा मालक तुमच्यासमोर बसलोय!"

"हो ना. म्हणून तर फार वाईट वाटतंय." त्यांनी नियमावली काढून चौथ्या नियमावर बोट ठेवलं. 'कापलेला कान हा मांजर बेवारस असल्याचा अंतिम पुरावा होय. त्याविरुद्ध अन्य कोणताही पुरावा, मालकासह, ग्राह्य धरला जाणार नाही.'

मोरिकुबोंनी नियम दोनदा वाचला. भाषा ओळखीची वाटली. "हा मसुदा कुणी केला?"

"तुम्हीच की! पंधरा वर्षांपूर्वी, तुम्ही आळीचे चिटणीस होता तेव्हा. इतका पक्का मसुदा पुन्हा कुणाला जमला नाही बघा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर मोरिकुबोंना क्षणभर बरं वाटलं. पंधरा वर्षं झाली, पण नियमाला कुठे फट म्हणून पडली नव्हती.

उपाय एकच होता. स्वतःच्या मांजरीला रीतसर दत्तक घ्यायचं. त्यांनी अर्ज भरला, शिक्का उठवला आणि नवव्या नियमाला ठेचकाळले. पासष्टच्या पुढच्या माणसाला मांजर मिळणार नव्हती, 'कारण मांजर वीस वर्षे जगते, अर्जदाराची खात्री देता येत नाही.'

"पासष्टच का घातलं मी?" त्यांनी स्वतःशीच विचारलं.

"तुम्ही अठ्ठावन्नचे होता तेव्हा," उरागामीबाईंनी मदत केली. "तुम्ही सभेत म्हणाला होता, पासष्ट म्हणजे फार लांबचा आकडा."

सवलत एकच होती: तरुण नातेवाइकानं हमी द्यायची. मोरिकुबोंनी सेंदाईला मुलीला, मिहोकोला फोन लावला.

"मांजर? बाबा, आमच्या इमारतीत चालत नाही. आणि बरं झालं तुम्हीच फोन केलात. इथल्या एका वृद्धनिवासात तुमचं नाव लावलंय मी. एक एप्रिलपासून खोली मिळतेय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. अर्ज एका पानाचाच होता हो, दोन मिनिटांत झाला."

"तिथे मांजर चालते?"

"बाबा, तो वृद्धनिवास आहे," मिहोको म्हणाली आणि तिचा दुसरा फोन वाजला.

म्हणजे मांजर दुसऱ्याच्या घरी आणि मोरिकुबो सेंदाईला, असा निकाल दोन्हीकडून लागला. त्यांना रात्रभर झोप आली नाही. किनाको मात्र त्यांच्या पायावर गाढ झोपली. आपण बेवारस झालो आहोत हे तिला कुणी कळवलेलं नव्हतं.

दत्तक जाईपर्यंत बेवारस मांजरीला आळीनं पाळीपाळीनं जेवू घालायचं, असा नियम होता. वाराप्रमाणे पाळ्या लागल्या. मोरिकुबोंच्या वाट्याला गुरुवार आला. बाकीच्या दिवशी सहा घरची माणसं त्यांच्याच ओसरीवर येऊन त्यांच्याच मांजरीला वाढू लागली आणि मोरिकुबो आतून बघत बसू लागले. बिगरगुरुवारी त्यांच्या हातून सुक्या माशाचा कीस चुकून जमिनीवर सांडत असे. असं दिवसातून चार वेळा होई. किनाको महिन्याभरात अशी गरगरीत झाली की तिला कुंपणावर चढायला दोनदा प्रयत्न करावा लागे.

मग दत्तकाची चाचणी झाली. एका तरुण जोडप्याकडे किनाकोला आठवडाभर राहायला पाठवलं. ती दाराशी तोंड करून बसली आणि अन्नाला शिवली नाही. समितीनं चौदावा नियम लावला: 'मांजरीचे मानसिक स्वास्थ्य लक्षात घेता तिच्या सवयीच्या वस्तू तिच्यापासून तोडू नयेत.' मग मोरिकुबोंच्या घरून जुनी उशी गेली, बैठ्या मेजावर पांघरायची रजई गेली, तांदळाचा डबा गेला आणि शेवटी तर मोरिकुबोंच्या बायकोचा स्वयंपाकाचा एप्रनही गेला. अशा सोळा वस्तू गेल्या, तरी मांजर खाईना. तिसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक बसली आणि तपासाअंती असं निष्पन्न झालं की यादीतून एक वस्तू सुटली आहे.

ती वस्तू जोडप्याच्या घरी पाठवावी, असा ठराव आला. पण जोडप्यातली बायको म्हणाली, "उशी ठीक आहे हो, पण हे कुठे ठेवू?" तेव्हा ठरलं, की वस्तू हलवण्यापेक्षा मांजरच परत न्यावी आणि मोरिकुबोंचं घर सगळ्या सामानासह 'मांजरीचे सवयीचे निवासस्थान' म्हणून नोंदवावं. मालक म्हणून मोरिकुबो अपात्र होते. पण सामान म्हणून त्यांच्यात काही दोष निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी उरागामीबाई क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या. उशी एक, रजई दोन, करत करत शेवटी त्यांनी वाकून क्षमा मागितली आणि एक चिठ्ठी मोरिकुबोंच्या स्वेटरला चिकटवली. यादीत लिहिलं: 'क्र. १७. वृद्ध गृहस्थ, एक नग. वापरलेला. एक गुडघा कुरकुरतो.'

मोरिकुबोंनी चिठ्ठीकडे पाहिलं. ती तिरकी लागली होती. अडतीस वर्षांत त्यांनी एकही चिठ्ठी तिरकी लावलेली नव्हती. त्यांनी ती हळूच सोडवून सरळ केली.

आता नोंदलेल्या वस्तूंची रोज तपासणी व्हायलाच हवी. रोज सकाळी आठला कुणीतरी पाटी-पेन्सिल घेऊन दारात उभं राहू लागलं. "उशी?" "आहे." "रजई?" "आहे." "गृहस्थ? झोप लागली का?" पहिल्या दिवशी मोरिकुबो चिडले. आठवड्याभरानं त्यांनी तपासनिसासाठी चहाचं आधण ठेवायला सुरुवात केली. गेल्या तीन वर्षांत त्यांना झोप लागली का, हे कुणी म्हणजे कुणी विचारलेलं नव्हतं. फेब्रुवारीत वस्तू क्रमांक सतरा खोकू लागली, तेव्हा तीन घरांतून आल्याचं गरम सार आलं. तीनही डब्यांवर लिहिलं होतं: 'मांजरीच्या हितार्थ.'

एकतीस मार्चला मिहोको गाडी घेऊन आली.

"चला बाबा, सामान कुठाय?"

"सामान हलवता येत नाही," उरागामीबाई दारात वाकून म्हणाल्या. "कृपा करून क्षमा असावी."

"सामान राहू दे हो. मी बाबांना न्यायला आलेय."

"तेच म्हणतेय मी."

मिहोकोनं स्वेटरवरची चिठ्ठी वाचली. "काय चेष्टा आहे का? माझे बाबा आहेत ते!"

"हो, तशी नोंद आहे. शेऱ्याच्या रकान्यात." उरागामीबाईंनी एक कागद पुढे केला. "वस्तू हलवण्याचा अर्ज आहे. भरलात की लगेच न्या. मसुदा मोरिकुबोसाननीच केलाय गेल्या महिन्यात, फार सोपा आहे."

मिहोको मेजाशी बसली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, नातं लिहिलं. पुढे होतं: 'वस्तूला रात्री कशाने जाग येते?' तो रकाना तिनं कोरा सोडला. 'कोणता गुडघा?' तिनं मान वर करून बाबांच्या पायांकडे पाहिलं, पण बाबा मांडी घालून बसले होते. त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की उजवा गं, उजवा. पण वस्तूंना मत नसतं हे त्यांना अडतीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. शेवटी होतं: 'वस्तू या आधी प्रत्यक्ष कधी पाहिली?'

"आम्ही फोनवर बोलतो ना," ती हळूच म्हणाली.

"फोनवर वस्तू दिसत नाही," उरागामीबाई हळहळल्या.

मिहोकोनं पेन खाली ठेवलं. किनाको उठली, अर्जावर जाऊन बसली आणि तिनं डोळे मिटले.

"हा भरायला मुदत किती असते?" मिहोकोनं विचारलं.

"मुदत नाही. पण माहिती गोळा करायला इथेच यावं लागतं."

तेव्हापासून ती दर रविवारी माहिती गोळा करायला येते. गुडघ्याचा रकाना भरून झाला आहे. रात्री जाग येण्याच्या रकान्याचं काम चालू आहे. त्यासाठी ती मागच्या शनिवारी मुक्कामालाच राहिली होती. मोरिकुबो तिला काही सांगत नाहीत, फक्त चहात एक कप वाढवतात.

अर्जाचे कोरे नमुने समितीकडे मिळतात. मांजर असलीच पाहिजे अशी अट नाही आणि तिसऱ्या आळीच्या बाहेरच्यांनाही ते दिले जातात. बहुतेक लोक हसत हसत एक घेतात आणि उभ्याउभ्याच भरायला लागतात. शेवटच्या रकान्याशी थबकणाऱ्यांसाठी समितीनं बाहेर एक बाकडं टाकलं आहे. तुम्ही आलात तर जरा लवकर या. बाकड्यावर सहसा जागा नसते.