संदेश पाय बघतो

संदेश मांडवकर माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. आम्हा भांडुपकरांना त्याची सवय झाली आहे, पण नव्या माणसाला कोण सांगणार? तिसऱ्या मजल्यावर लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्याच दिवशी जिन्यातून परत घरात पळाली. तिला वाटलं, आपण दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्यात.

प्रकार असा आहे. संदेश माझ्या समोरच्या दारात राहतो, लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो आणि लहानपणी स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाया गेलेला आहे. तिथल्या एका गेममध्ये जंगल यायचं. त्या जंगलाची जी ट्यून होती, तिच्यात ढोल, घुंगरं, वारा, पाणी आणि कसलासा घुमणारा आवाज घालून त्याने एक रीमिक्स केलं आणि इंटरनेटवर टाकलं. एवढं करून दुसरा कुणी गप्प बसला असता. हा गळ्यात बिनवायरचा हेडफोन अडकवून भांडुपभर फिरतो आणि दिसेल त्याच्या कानांवर चढवतो.

"ताई, दोनच मिनिटं. बोलायचं नाय. फक्त ऐका."

आणि मग खाली मान घालून आपल्या पायांवर टक लावतो. "आता येतंय... आता येतंय." एका ठिकाणी ढोल घुंगरांना येऊन मिळतो. तिथे तुमच्या पायाचा अंगठा हलला तर तुम्ही पास. नाही हलला तर तुम्ही कितीही 'झकास रे' म्हणा, तो मानत नाही. "तोंड खोटं बोलतं ताई. पायाला जमत नाय."

मी पहिल्या वेळी नापास झाले. कुकर लावून आले होते, माझा जीव घराकडे. हे त्याला समजावण्यात शिट्ट्या जास्त झाल्या आणि त्या दिवशी आमच्याकडे भाताऐवजी पेज जेवले सगळे.

त्याने सोडलं कुणालाच नाही. इस्त्रीवाला झाला, सोसायटीचे खजिनदार झाले. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमध्ये अडकलेल्या आजोबांना तर याने दार फटीएवढं उघडून आधी हेडफोन दिला. आजोबा घामाघूम. पण पाय हलला म्हणे, आणि हे संदेश अजून अभिमानाने सांगतो. माझ्या सासूबाईंनी अर्ध्यातच हेडफोन उपटून काढला. "बंद कर मेल्या, माझ्या अंगात येईल." संदेश इतका खूश झाला की संध्याकाळी त्यांच्यासाठी पेढे घेऊन आला.

इंटरनेटवरची माणसं आणखीनच वेगळी. त्यांनी काय काय लिहिलं ते संदेश आम्हाला जिन्यात उभा राहून मराठीत वाचून दाखवायचा. ब्राझीलच्या एकाने लिहिलं, डोळे मिटले आणि मी आमच्या जंगलात पोचलो. "कसलं ब्राझील? गुहागर तालुका आहे हा," संदेश आमच्यावर चिडायचा, जसं काही आम्हीच लिहिलंय. इंडोनेशियाच्या एका बाईला तिच्या बेटावरचे आदिवासी आठवले. तिच्याशीही वाद. एकाने विचारलं, हे कुठल्या जमातीचं संगीत? संदेशने उत्तर दिलं, मांडवकर. त्या माणसाने पुढे विचारलं, ही जमात अजून आहे का?

"मग काय सांगितलंस?"

"आहे म्हटलं. भांडुपला असते."

कुणी वाईट म्हटलं की हा अस्वस्थ, आणि चांगलं म्हटलं की त्याहून जास्त. दर आठवड्याला रीमिक्स उघडायचं, वारा कमी करायचा, ढोल वाढवायचा, पुन्हा हेडफोन घेऊन बाहेर पडायचं. चहासुद्धा उभ्याने पिणार. बसलाच तर गुडघा हलत राहणार. मी म्हणायचे, "अरे, लोकांना आवडलंय ना? आता सोड की त्याला." तो म्हणायचा, "नाय ताई, अजून नाय झालं." काय झालं नाही, ते मात्र सांगायचा नाही. मला वैताग यायचा त्याचा, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी दुपारी तो माझ्या दारात असाच चुळबुळत उभा होता. मी सहज विचारलं, "बाकी जाऊ दे, ती घुंगरं कुठून आणलीस? बाजारातल्यासारखी वाजत नाहीत."

त्याची चुळबुळ थांबली. म्हणाला, "तात्यांचा पाय आहे तो."

तात्या म्हणजे त्याचे वडील. विक्रोळीला कारखान्यात नोकरी केली, पण ओढा सगळा गावाकडे. गणपतीत गुहागरकडच्या आपल्या गावी जाऊन जाखडी नाचायचे. जाखडीत नाचणारे गोल धरतात, उजव्या पायात घुंगरांचे चाळ बांधतात आणि त्या पायावर सगळा ठेका असतो. गोल कुठे विस्कटला, तर तात्यांच्या पायावरून सावरायचा. साखरेने तोच पाय नेला. गुडघ्याखालून काढावा लागला. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तात्यांनी चाळ माळ्यावर टाकायला सांगितले आणि म्हणाले, "या घरात आता ठेका नको." तेव्हापासून त्यांच्याकडे टीव्हीवर गाणं लागलं तरी आवाज बंद होतो. हे आमच्या सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. पण पाय जायच्या आदल्या गणपतीत संदेशने गावच्या अंगणात तो पाय मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्यांना ऐकवलंस?"

"नको म्हणालेत ना ते."

"आणि जगाला ऐकवत फिरतोस?"

"जगाचे पाय बघतोय, ताई. सगळ्यांचे हलले ना, की मग तात्यांना विचारीन म्हटलं. पण कुणाचा ना कुणाचा राहतोच."

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी चिडते, हा माझा स्वभावच आहे. त्याच्या गळ्यातला हेडफोन ओढून घेतला आणि सरळ समोरच्या घरात शिरले. तात्या खिडकीशी खुर्चीत बसून पावटे सोलत होते.

"तात्या, हे कानाला लावा. तुमच्या मुलाने केलंय. सगळ्या जगाने ऐकलं, तुम्हीच राहिलात."

"मी त्याला सांगितलंय, ठेका नको म्हणून."

"त्याला सांगितलंत. मला कुठे सांगितलंत?" आणि मी लावलासुद्धा.

संदेश दारात. आत येईना, बाहेर जाईना, नुसता या पायावरून त्या पायावर. त्याने मोबाइलवरचं बटण दाबलं. 'आता येतंय' म्हणायची काही त्याची हिंमत झाली नाही. तात्या तोंड वाकडं करून शेंगा सोलत राहिले. मग एका शेंगेवर त्यांचा हात थांबला. तो हात उजव्या मांडीवर आला आणि हलकेच थाप देऊ लागला.

संपल्यावर हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले, "पाय माझा आहे. ढोल कुणाचा?"

"माझा. कॉम्प्युटरवर केलाय."

"घाई करतोस. पाय पुरता टेकायच्या आत थाप मारतोस. लहानपणी गोलात पण असाच पुढे पळायचास."

ब्राझीलपासून इंडोनेशियापर्यंत सगळ्यांशी भांडलेला संदेश म्हणाला, "बरं."

"पाय टेकू दे, मग मार." तात्यांनी हेडफोन पुन्हा नीट कानावर घेतला. "लाव परत. कुठे ते दाखवतो."

संदेश आत आला आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसला. गुडघा हलत नव्हता. सवयीने त्याने मान खाली घातली आणि नजर उजव्या बाजूला नेली. तिथे दुमडलेल्या लुंगीखाली काहीच नव्हतं. मग त्याने मान वर केली आणि ते संपेपर्यंत आपल्या बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.