बिगर मार्क्याची कुंची

दिनांक ११ जानेवारी १९५९, रविवार, सकाळचे नऊ. रक्कम चार आणे, म्हणजे पंचवीस नये पैसे. हजर माणसे तीन : मी, माझी पत्नी आणि तिकीट फाडणारे बकारामजी. एवढ्या पैशांत आम्हांला आमच्याच शेजाऱ्यांची घरे पाहायला मिळणार होती.

मी मूळचा भातकुलीचा, तहसिलीतला कारकून. बदली होऊन अकोल्याला आलो तेव्हा परवडण्याजोगी खोली मिळाली ती एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीच्या कामगार लाइनीला लागून. लाइनीत चोवीस खोल्या, आणि त्यांत मूळचा अकोल्याचा एकही माणूस नाही. प्रत्येक दारावर काळ्या शाईत ठळक अक्षरे : करीमनगर १९२१. रायपूर १९१८. प्रतापगढ १९२९. पहिल्या दिवशी मला वाटले, ही दारे नसून कुठे तरी रवाना व्हायच्या पेट्या आहेत.

ही करणी बकारामजींची. चाळीस वर्षे ते प्रेसमध्ये मार्केवाले होते. कापूस दाबून बांधलेल्या गठाणीवर पत्र्याचा साचा ठेवायचा, शाईचा कुंचला फिरवायचा आणि गठाण कुठली, कोणत्या हंगामाची हे उमटवायचे, हे त्यांचे काम. मार्का चुकला तर मार्केवाल्याला दोन आणे दंड. चुकलेला मार्का खरडून काढायचा नाही, त्यावर फक्त एक आडवी रेघ मारायची, असा तिथला रिवाज. बकारामजींना चाळीस वर्षांत एकदाही दंड झाला नव्हता, आणि हे ते नमस्काराच्या आधी सांगत.

काम सुटल्यावर हात स्वस्थ बसेनात. रॉकेलचे डबे कापून त्यांनी मराठी अक्षरांचे साचे केले. निम्मी लाइन रंगवून झाल्यावर उरलेल्या निम्मीची परवानगी विचारली. "बिगर मार्क्याचं काही ठेवू नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य, "मंग थे कोनाचं म्हनाव?" लाइनीत एक बकरी होती. तिच्या पाठीवर 'बाळापूर १९५७' होते.

नागपूरला ते एकदा सरकारी अजबखाना पाहून आले आणि चिडूनच आले. म्हणाले, राजाच्या तलवारी पाहायला लोक पैसे देतात, मग सत्तम्माचे उखळ काय वाईट आहे? त्याच आठवड्यापासून दर रविवारी लाइन पाहण्याचे तिकीट सुरू झाले. दर माणशी दोन आणे. नव्या नाण्यांत त्याचे साडेबारा पैसे होतात आणि अर्धा पैसा सरकारने पाडलेलाच नाही. एकटा माणूस आला की ते बारा घेत आणि अर्धा सोडून देत. मला कोणाचा अर्धा पैसा अंगावर नको होता, म्हणून मी पत्नीला बरोबर घेतले. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा कुठे फिरायला नेले असेल तर ते हिशेब पुरा व्हावा म्हणून, असे ती अजूनही पाहुण्यांना सांगते.

बकारामजी पुढे, हातात गठाण ओढायचा लोखंडी हूक. त्याने ते वस्तू दाखवत. कोणत्याही दारावर टकटक करीत नसत. तिसऱ्या खोलीत सत्तम्माचे दगडी उखळ होते. ते तिने करीमनगराहून डोक्यावर आणले होते. 'हात लावू नका,' असे त्यांनी आम्हांला बजावले. सत्तम्मा त्या वेळी त्यातच चटणी कुटत होती.

अकराव्या खोलीत प्रतापगढचा रामदुलारे खाटेवर पडला होता. ती खाट ऐतिहासिक होती. तो पडल्या पडल्याच म्हणाला, "दो आने में मेरी खटिया दिखाते हो, बकाराम. मैं उठ जाऊँ तो चार आने लगाओगे?"

"तुमी उठले तं पाहाले काय राह्यते?" बकारामजी म्हणाले आणि पुढे गेले.

बाराव्या खोलीत तायड्यांचे घर. त्यांच्या दारावर दोन ओळी होत्या : बार्शीटाकळी १९३४, आणि खाली नुसते १९५६. बौद्ध झाल्यावर तायड्यांनीच ते दुसरे साल घालून मागितले होते. बकारामजींनी शाईचे पैसे घेतले नाहीत. माणूस एकाच घरात दोनदा येऊ शकतो, असे ते आम्हांला समजावून सांगत होते. तायडे दाढी करता करता मान हलवत होते.

सोळावी खोली त्यांची स्वतःची. तोच अजबखाना. रायपूरहून चालत आलेल्या माणसाच्या वहाणा, कोणाचा फुटका कंदील, कोणाचे मापटे, आणि प्रत्येकावर मार्का. मी कागदपत्रे तपासणारा माणूस. मला आधी दिसले ते हे, की दारावर मात्र काही नव्हते. मी तसे म्हटले. ते म्हणाले, "पुढं चाला."

सगळ्यांत शेवटी कोनाड्यात एक लहान मुलाची कुंची होती. लाल जाडेभरडे कापड, काठाला निळ्या दोऱ्याची नागमोडी शिवण, मागे एक कवडी. तिच्यावरही मार्का नव्हता. त्यांनी हूक खाली ठेवला आणि कुंची दोन्ही हातांनी उचलली.

"हे कोनाकडचं वाटते तुमाले?"

इतका वेळ बडबडणारा माणूस आमच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. आम्हांला ओळखता येईना. त्यांनी कुंची परत ठेवली आणि तिकिटाच्या उरलेल्या अर्ध्यावर पेन्सिलीने लिहिले : नाही.

बाहेर आल्यावर सत्तम्माने पत्नीला सांगितले. मोठ्या दुष्काळाच्या साली जिनिंग फॅक्टरीसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीत कापसावर एक पोर झोपलेले सापडले, डोक्यावर हीच कुंची. एकाही गाडीवानाने पोर आपले म्हटले नाही. कापूस तोलायच्या काट्यावरच्या माणसाने त्याला वाढवले आणि बकाराम नाव ठेवले. गाड्या कुठकुठल्या होत्या ते कोणी लिहून ठेवले नाही. म्हणजे तिकीट, हूक, उखळ, खाट हा सगळा खटाटोप त्या शेवटच्या प्रश्नासाठी होता. बाहेरगावच्या माणसाला नुसते घरी बोलावले तर तो येत नाही; तिकीट लावले की येतो.

पुढच्या वर्षभरात माझ्यासमक्ष त्यांनी हा प्रश्न चौसष्ट जणांना विचारला. चौसष्ट वेळा 'नाही' लिहिले.

पुढच्या पौषात ते तापाने पडले. मी काढा घेऊन गेलो. साचे मोडीत देऊन टाकतो म्हणाले. "इतक्या लोकाईनं पाह्यलं, बाबूजी. आता कोन ओळखते? मेल्यावर लोक इचारतीन, कुठचा होता? तं काय सांगान तुमी?"

बावीस वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा पदरचा घातला नव्हता. त्या दिवशी मी कुंची हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणालो, ही शिवण आमच्या भातकुलीकडची दिसते.

ते उठून बसले. "पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सोळाव्या खोलीला कुलूप होते. दारावर ओली शाई : भातकुली. सालाची जागा मोकळी. पहिल्या मोटारीने ते कुंची घेऊन निघून गेले होते.

चार दिवस मला जेवण गेले नाही. साठ वर्षांचा तापातून उठलेला माणूस माझ्या गावात दारोदार फिरत होता, आणि तिथे काहीही सापडणार नव्हते, हे एकट्या मला माहीत होते. पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "एवढा हिशेबी माणूस तुमी, आन् खोटं बोलाले त्याईचंच घर सापडलं?"

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते आले. हातात तुरीच्या शेंगांचे गाठोडे. माझ्या काकूने आमच्यासाठी दिले होते. ते ओट्यावर बसले, पाणी प्याले. भातकुलीची माणसे चांगली आहेत म्हणाले. काकूने दोन वेळा जेवू घातले, एका म्हातारीने कुंची स्वतःच्या नातवाला घालून पाहिली. प्रत्येकीने शिवण उलटसुलट करून बघितली.

"तिकडं काठाले असा दोरा नाही घालत, बाबूजी," ते म्हणाले. "तुमच्या घरच्या कुंच्याही काकूनं दाखवल्या. तुमी लहानपनी घातलेली पन."

मी खिशात हात घातला. दोन आण्यांना बारा पैसे कमी होतात म्हणून तेरा काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. हे तिकिटाचे नाहीत, मी म्हणालो.

"मले मालूम हाये," ते म्हणाले. पैसे मोजून त्यांनी कनवटीला लावले. मग आत जाऊन शाई आणि कुंचला आणला. दारावरच्या 'भातकुली'वर एक आडवी रेघ मारली, अगदी सरळ. खाली बोटभर जागा सोडून थांबले, जणू खरा मार्का तिथे उमटवायचा आहे. मग कुंचला पाण्यात बुडवला.

मी म्हणालो, पुसून टाका ना, रेघेखालून वाचता येते.

"वाचता येते म्हनूनच रेघ मारतात," ते म्हणाले. "राहू द्या. चार दिवस लोक मले इचारून राह्यले होते, पाहुने, कुठचे? मी म्हनो, इथचाच."

त्या रविवारी त्यांनी पुन्हा तिकिटे फाडली. परतवाड्याचा एक बी-बियाणेवाला आला होता. शेवटी त्यालाही कुंची दाखवली. मी दारातच उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

एकूण दिलेली रक्कम : तिकिटांचे पंचवीस नये पैसे, दंडाचे तेरा. दोन्ही बकारामजींना, खोली नंबर सोळा. दंडातला वरचा अर्धा पैसा त्यांनी परत केला नाही, मीही मागितला नाही.