लॅपटॉपातली टाकी

दोन हजार तेवीस साली जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीने ठराव करून प्रभाताईंच्या ओरडण्यावर बंदी घातली. तोवर गच्चीवरची टाकी भरली, की वरच्या मजल्यावरून त्या "मोटर बंद!" अशी हाक देत आणि खाली कुणीतरी बटण दाबी.

अध्यक्ष कमलाकरराव, निवृत्त हेडक्लार्क, यांना हे अशोभनीय वाटे. मोटर आपोआप बंद करणारी पेटी बनवायला त्यांनी भाच्याला, अनिमेषला, सांगितलं. पेटीचा प्रोग्रॅम लिहायची, तपासायची सगळी सोय त्याच्या लॅपटॉपात होती. 'डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट' म्हणे! तपासणीपुरती एक खोटी टाकीही त्यात होती. कमिटी बघायला बसली.

"मामा, टाकी भरायला तास लागतो."

"तासभर कोण बसणार? मिनिटात भरव."

मिनिटात भरली. टाळ्या पडल्या.

"आता हेच जसंच्या तसं बसव."

"पण मामा, ही पेटी अजून खोट्या टाकीलाच जोडलेली..."

"मंजूर म्हणजे मंजूर!"

पेटी बसली. जुनं बटण कालबाह्य ठरवून काढून टाकलं.

रविवारी प्रभाताईंच्या नातीचा, श्रावणीचा, साखरपुडा. सकाळी मोटर मिनिटभर चालून थांबली. नळ फुसफुसले. प्रभाताईंनी गच्चीवर जाऊन टाकीवर लाटणं हाणलं, तशी ती घणघण वाजली.

"टाकी रिकामी आहे, कमलाकरराव!"

"पडद्यावर भरलेली आहे, प्रभाताई."

तरीही तक्रारीची दखल घेऊन त्यांनी टाकीवर नोटीस चिकटवली : मंजूर पातळीशी विसंगत वर्तनाबद्दल खुलासा करावा.

तेवढ्यात मोडनिंबहून पाहुणे उतरले. हात धुवायला पाणी नाही म्हटल्यावर नवऱ्यामुलाचे वडील, भीमराव, तडकले.

"जितं पानीच न्हाय, तितं सोयरीक कशी करायची? गाड्या वळवा!"

श्रावणीचा चेहरा उतरला. नवरामुलगा सयाजी मात्र नवा सदरा काढून, मोटर जिथून पाणी चढवी त्या खालच्या हौदाशी गेला.

"आबा, बादली धरा की!"

"आमी साखरपुड्याला आलोय का पानी शेंदायला?"

"दोन्हीला," प्रभाताई म्हणाल्या.

जिन्यात पाहुण्यांची रांग लागली, बादल्या हातोहात गच्चीवर चढल्या. दुपारी टाकीत गुडघाभर पाणी झालं, मग अंगठी घातली. कमलाकररावांनी इतिवृत्तात नोंदवलं : यंत्रणा लोकसहभागातून यशस्वी.

श्रावणी-सयाजी आता माढ्यात असतात. टाकीत स्वतः डोकावतात. भीमराव अजून कंबर चोळतात. कमलाकररावांना 'स्मार्ट सोसायटी' पुरस्कार मिळाला. प्रभाताईंच्या ओरडण्यावरची बंदी कायम आहे, म्हणून टाकी रिकामी झाली, की त्या थाळी बडवतात.

अनिमेष पुण्यात लिफ्टच्या पेट्या बनवतो. पडद्यावर मजला आला, की दार उघडतं. तुमच्याही इमारतीत नवी लिफ्ट बसलीय ना? दार उघडल्यावर तुम्ही आधी कुठं बघता, वर आकड्याकडे की खाली पायाशी?